माईकवहिनीची तपासणी

“ऐकू येतंय ते सांगू नका. कुठे येत नाही तेवढं सांगा.”

हे वाक्य माईकवहिनी रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायची. तशा त्या अगदीच रिकाम्या नसायच्या. वॉचमन असायचा, झाडूवाली असायची, सभेला फार लवकर आलेले एखादे आजोबा असायचे. पण वहिनीच्या लेखी त्याही खुर्च्याच. कुणी कौतुकाने म्हणालं, वा, काय खणखणीत येतोय आवाज, तर तिला त्याचं काडीचं सुख नसायचं. खणखणीत येतोय तिथलं तिचं काम संपलेलं असायचं. तिचा जीव अडकलेला असायचा तो आवाज न पोचणाऱ्या एखाद्या कोपऱ्यातल्या खुर्चीत.

त्या लहानशा शहरात भाषण कुणाचंही असो, आवाज आणि पडदा वहिनीचा. बिनतारी माईक, पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायचं हातातलं बटण, प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि माईकचं सगळं ऐकून घेणारी दोन शिंगांची काळी पेटी, एवढा पसारा ती एका जुन्या बाबागाडीतून न्यायची. त्या गाडीतलं मूळ बाळ कधीच मोठं होऊन दूरच्या नोकरीला लागलं होतं, पण गाडीला काही निवृत्ती मिळाली नव्हती. रस्त्यात एखादी नवखी बाई लाडाने आत डोकवायची आणि शिंगं बघून दोन पावलं मागे सरायची. वहिनी म्हणायची, बघा की, चावत नाही.

या पसाऱ्याला तिने नातीही लावून दिली होती. शिंगांची पेटी ही सासू. माईक म्हणजे सुना. सुनांनी कितीही तोंड चालवलं तरी सासूने ऐकून घेतलं तरच ते चारचौघांत जाणार. थोरली सून कानाने तिखट, बारीक कुजबुजसुद्धा टिपणारी. मधली कुरकुरी. धाकटी नवी आणि नाजूक. चित्रं सरकवायचं बटण हा जावई. काम एवढंसं, पण रुसून बसला की सगळं कार्य अडतं. आणि प्रोजेक्टर म्हणजे मामंजी, चटकन तापणारे आणि बंद केल्यावरही बराच वेळ धुसफुसत राहणारे. लोक हसायचे. वहिनी हसत नसे. नात्यातली वस्तू कुणी कुठे विसरून येत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि खरोखरच तिची एक वायरसुद्धा कधी कुठे राहिली नव्हती.

पण तिची खरी करामत वेगळीच होती. माईक तपासायचा म्हणजे तोंडासमोर धरायचा आणि हॅलो हॅलो करायचं, ही जगाची रीत. वहिनीला ती मान्य नव्हती. ती सांगायची, माईकवर नुसतं तोंड बोलत नाही, अख्खा माणूस बोलतो. कुणी माईक हनुवटीखाली लपवतो. कुणी ओठांना असा चिकटवतो की आता चाटणार. कुणी लोकांकडे पाठ करून पडद्याशीच गप्पा मारत बसतो, आणि मग सासूच्या वाट्याला येतं ते त्याचं रुंद पाठमोरं अंग. म्हणून भाषणाआधी ती वक्त्याला गाठून त्याचं चालणं, थांबणं, हात उडवणं डोळ्यांत साठवून यायची. कधी त्याच्या दुकानात गिऱ्हाईक बनून, कधी दवाखान्यात खोटा खोकला घेऊन. दंतवैद्याचं भाषण होतं तेव्हा तिने जाऊन एक दाढ दाखवली. तो म्हणाला, काढावी लागेल. वहिनी म्हणाली, आधी तुमचं भाषण कसं होतं ते बघू, मग ठरवू.

आणि मग तपासणीच्या वेळी ती रंगमंचावर त्या माणसासारखी चालायची. सरकारी साहेब असेल तर पोट पुढे काढून, कवी असेल तर मान वाकडी करून, पुढारी असेल तर एकेक वाक्य टाळ्यांसाठी थांबवून. हॉलचा वॉचमन या तपासण्या एकही चुकवत नसे. खरं भाषण सुरू झालं की मात्र तो बाहेर पायरीवर जाऊन बसायचा. म्हणायचा, आताच तर बघितलं, तेच पुन्हा कशाला?

अशा या वहिनीच्या नवऱ्याचं भाषण ठरलं.

नवऱ्याला सगळं शहर शिट्टीमास्तर म्हणायचं. पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर ते पोहायला शिकवायचे. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. घरात मात्र हा माणूस असून नसल्यासारखा. कपाटाशेजारच्या खुर्चीत बसले की कपाटाचंच एक दार उघडं राहिलंय असं वाटायचं. शेजारीण विचारायची, मास्तर आहेत का घरात? वहिनी मागे वळून नीट बघायची आणि सांगायची, आहेत वाटतं. ‘हं’ हा त्यांचा आवडता शब्द. तो होकाराला चालायचा, नकाराला चालायचा आणि मीठ कमी पडलंय हे सांगायलाही चालायचा. कुठल्या ‘हं’चा काय अर्थ ते वहिनीला अचूक कळायचं, आणि या विद्येचा तिला माईकच्या विद्येइतकाच अभिमान होता.

नगरपालिकेने टूम काढली होती, की तलाव बुजवावा आणि तिथे मोटारींसाठी वाहनतळ करावा. रविवारी सकाळी सभागृहात खुली सभा. लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि तिथल्या तिथे सदस्यांनी हात वर करून फैसला करायचा. तलावाच्या बाजूने बोलणार कोण, तर मास्तर. दुसरं होतं कोण? तलाव गेला असता म्हणून मास्तर काही उघड्यावर पडणार नव्हते, त्यांना पालिकेतच कुठेतरी खुर्ची मिळणार होती. पण ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून रुमालाने पुसली, पुन्हा पुसली, आणि नुसतेच तिच्याकडे बघत बसले. वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला तर ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात ‘हं’ चुकल्याचं तिला आठवत नव्हतं. तेव्हाच तिने ओळखलं. तलाव गेला तर हा माणूस खुर्चीत बसेल, पण मग खरोखरच कपाट होऊन जाईल. आणि तलाव वाचवायचा तर या मुखदुर्बळ माणसाला भरल्या सभेत ऐकू जाईल असं बोलावं लागणार होतं.

तिने मनाशी ठरवलं, त्यांचं ओठांतलं पुटपुटणंही शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवून दाखवीन. मग बघू कोण बुजवतं तलाव.

रविवारी सकाळी कावळे उठायच्या सुमाराला ती बाबागाडी घेऊन सभागृहात हजर झाली. सोबत वन्सं, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वन्संचे गुडघे कुरकुरायचे आणि उजवा कान कधीच रजेवर गेला होता. डावा होता, तोही अर्धवेळ. वहिनीला तपासणीसाठी असाच माणूस लागायचा. वन्संना ऐकू आलं म्हणजे जगाला ऐकू आलं.

वॉचमन पहिल्या रांगेत आधीच जागा धरून बसला होता. आज काय बघायला मिळणार म्हणून त्याने हात चोळले आणि विचारलं, की वहिनी, या वेळी वक्त्याचा अभ्यास कुठे जाऊन केलात?

“घरच्या माणसाचा कसला अभ्यास?” वहिनी म्हणाली. “तो तर मला तोंडपाठ आहे.”

मग ती टेबलामागे उभी राहिली आणि बघता बघता मास्तर झाली. हनुवटी कॉलरीत, खांदे आत, एक हात टेबलाच्या कडेला असा धरलेला की कुणी टेबल पळवून नेईल. माईक तोंडापासून चांगला वीतभर लांब. तिने डोळे खाली लावले आणि म्हणाली, “हं.” वॉचमन खुर्चीतून घसरायचा राहिला. हुबेहूब मास्तर. मास्तर स्वतःसुद्धा इतके मास्तर दिसत नसतील.

त्या ‘हं’च्या मापाने तिने सगळं लावत नेलं. माईक म्हणून तिखट कानाची थोरली निवडली आणि तिचा आवाज जवळजवळ टोकाला नेला. सासूला टेबलाच्या अगदी पायाशी बसवलं. जावयाची शेंगदाण्याएवढी जोडणी लॅपटॉपला खोचली आणि टेबलामागून बटण दाबून बघितलं. तलावाची चित्रं एकेक करून शहाण्यासारखी पुढे सरकली. शेवटी तिने टेबलामागे जमिनीवर एक पांढरी पट्टी चिकटवली. मास्तरांनी इथे उभं राहायचं.

आता त्या सभागृहात एक बहिरा कोपरा होता. रंगमंचाच्या डाव्या टोकाला लोखंडी खांब होता, आणि त्या खांबापाशी वक्ता गेला की सासूला त्याचं काही ऐकूच येत नसे. तोंड हलताना दिसायचं, आवाज गडप. एरवी फिरत्या वक्त्यासाठी वहिनी सासूला उंच स्टुलावर चढवून मधोमध बसवायची. आज तिने स्टूल काढलंच नाही.

वन्संच्या ते ध्यानात आलं. शेवटच्या रांगेतून गुडघे सांभाळत त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “अगं, तो काही एका जागी उभा राहायचा नाही.”

“वन्सं, त्यांना उठून पाण्याचा माठ गाठायचा असला तरी ते आधी विचार करतात.”

“तलावावर बघ एकदा त्याला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“पण इथे पाणी आहे का?” वहिनी म्हणाली.

वन्संनी डोकं हलवलं. “मला काय,” त्या म्हणाल्या, “मी आपली बहिरी.”

वन्सं डॉक्टरांच्या सांगण्यावरून गुडघ्यांसाठी दर आठवड्याला तलावात जाऊन कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहायच्या. त्यांनी भावाला तिथे बघितला होता. वहिनीने बघितला नव्हता. तलाव सकाळी आणि संध्याकाळी उघडा, आणि सभा-समारंभही तेव्हाच. शिवाय पाण्याशी तिच्या धंद्याचं उभं वैर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मास्तरांनी एकदा विचारलं होतं, येतेस का बघायला. वहिनी म्हणाली होती, पाण्यात काय बघायचंय? पुढे कधी तरी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिच्या हातात दुरुस्तीला उघडलेला माईक होता. मग त्यांनी विचारणं सोडलं. दोघांपैकी कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर ते ‘हं’मध्ये बसून गेलं.

सभा भरली. मागे उभं राहायलाही जागा उरली नाही. वाहनतळाच्या बाजूने मोटारी विकणारा सदस्य बोलला. तो माईक कसा धरतो हे वहिनीला ठाऊक होतं, मधली सून त्याच्याकडे दिली आणि त्याचा शब्द न् शब्द पोचला. वहिनीला आपल्याच कामाचा राग आला. मग अध्यक्षबाईंनी मास्तरांचं नाव पुकारलं.

मास्तर उठले आणि पांढऱ्या पट्टीवर जाऊन उभे राहिले. कागद पसरला. हनुवटी कॉलरीत. एक हात टेबलाच्या कडेला. दाराशी उभ्या वॉचमनने वहिनीकडे बघून भुवया उंचावल्या, की काय म्हणावं तुम्हाला. मास्तर पुटपुटले, “आदरणीय अध्यक्षबाई,” आणि ते पुटपुटणं थोरलीने अलगद उचललं, सासूने झेललं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत लोण्यासारखं पसरलं. शेवटच्या रांगेतल्या वन्संनी हात वर करून खूण केली. वहिनीने आवाजाच्या बटणावरचं बोट काढून घेतलं.

तेवढ्यात मोटारी विकणारा सदस्य खुर्चीत मागे रेलला आणि माईकबिईक न घेता म्हणाला, “मास्तर, कशाला सगळ्यांचा वेळ घालवताय? आजकाल पोहायला येतं कोण?”

मास्तर थांबले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. हनुवटी कॉलरीतून बाहेर आली. मग ते एका हातात थोरली आणि दुसऱ्या हातात जावई धरून, पांढरी पट्टी सोडून, टेबलाला वळसा घालून रंगमंचाच्या पार कडेला आले, बुटांची टोकं कडेबाहेर काढून उभे राहिले आणि समोरच्या माणसांकडे असे बघायला लागले, जसं कुणी पाण्याकडे बघतं.

“कोण येतं?” मास्तर म्हणाले.

तो आवाज वहिनीने जन्मात ऐकला नव्हता. पन्नास पोरं पाण्यात धिंगाणा घालत असताना पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळायची सवय असलेला तो आवाज होता. थोरलीचं दार वहिनीने उंदरासाठी सताड उघडं ठेवलं होतं, आणि आत शिरला वाघ. स्पीकरनी किंकाळी फोडली. पुढच्या रांगेने कानांत बोटं घातली. वहिनीने झेप घेऊन आवाज खाली ओढला आणि वर पाहिलं तर मास्तर पट्टीवर नव्हते, टेबलापाशीही नव्हते. ते कडेकडेने चालले होते. तेही सरळ नाही, आडवे, खेकड्यासारखे, नजर लोकांवरून न काढता. तलावाच्या काठावर शिकवणाऱ्याने पाण्याकडे पाठ करायची नसते. पण हे वहिनीला कोण सांगणार?

“डॉक्टर,” मास्तर दंतवैद्याकडे बोट दाखवून गरजले, “महिनाभर शिडी धरून रडत होतात. मी म्हटलं, शिडी काय तुमच्याबरोबर घरी येणार आहे का? सोडलीत की नाही?”

दंतवैद्य लाजून म्हणाला, सोडली. सभा हसली.

आणि इथे जावई बिथरला. मास्तरांच्या हाताला स्टॉपवॉचची सवय. पोहणारा भिंतीला टेकला की अंगठा दाबायचा. इथे प्रत्येक मुद्दा भिंतीला टेकत होता आणि अंगठा दाबला जात होता. पडद्यावर तलावाच्या भेगा आल्या आणि गेल्या, बायकांचा वर्ग आला आणि गेला, जुनी शिडी, नवी शिडी, उन्हाळ्यातली गर्दी, सगळं वाऱ्याने पुस्तक उलटावं तसं उलटत गेलं. वहिनी लॅपटॉपवरून एक चित्र मागे आणायची, तिकडून मास्तर दोन पुढे ढकलायचे. संसारात कधी झाली नाही अशी ओढाताण नवरा-बायकोची भर सभेत चालली होती, आणि त्यातल्या एकाला तिचा पत्ताही नव्हता.

शेवटी वन्संच खुर्च्यांमधून वाट काढत आल्या. वहिनीने त्यांचं बोट मागच्या बाणावर ठेवलं आणि दाबत राहा म्हणून खूण केली. वन्संना फार आनंद झाला. लहानपणापासून त्याला मागे ओढायचं काम माझंच, असं म्हणत त्या खुर्ची ओढून बसल्या.

तोवर मास्तर डाव्या टोकाला पोचले होते. लोखंडी खांब. आवाज स्पीकरमधून पुसल्यासारखा नाहीसा झाला.

वहिनीने विचार केला नाही. सासूला उचलून तिने कडेवर घेतलं आणि रंगमंचासमोरून डावीकडे धाव घेतली, मागे वायरीची लांब शेपटी. आवाज परत आला. मास्तर वळले आणि उजवीकडे निघाले. वहिनीही वळली. वर मास्तर आडवे चालताहेत, खाली वहिनी आडवी चालतेय, दोन शिंगं वर धरून, जेवायला न बसणाऱ्या लेकरामागे आईने वाटी घेऊन फिरावं तशी. वायर मोटारी विकणाऱ्या सदस्याच्या पायांत आली. त्याला पाय उचलून धरावे लागले, आणि वहिनी जा-ये करत होती तोवर ते उचललेलेच राहिले. लोक हसत होते. वहिनीचे कान तापले होते. आयुष्यभराची अब्रू या वायरीबरोबर जमिनीवरून फरफटत चाललीय असं तिला वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याच आंधळेपणाने तलाव चालला, असं वाटत होतं.

मास्तर पुन्हा खांबापाशी गेले. या खेपेला वायर खुर्च्यांच्या पायांत अडकली आणि पुरली नाही. वहिनी हात ताणून उभी राहिली, सासू गप्पच. वरती मास्तर बँकेतल्या बाईंना सांगत होते, तुम्ही पहिल्याच दिवशी पाण्यावर अशा पडलात, की आम्हाला वाटलं झोपल्या. आणि सगळी सभा हसली. शेवटच्या रांगेसकट हसली. लॅपटॉपशी बसलेल्या वन्संचा रजेवर गेलेला कान रंगमंचाकडे होता, आणि त्याही अगदी वेळेवर हसल्या.

वहिनी जागच्या जागी थांबली. तिने बहिऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे, मग वन्संकडे. वन्सं मोठ्याने म्हणाल्या, “ऐकू येतंय की गं. कशाला धावतेस?”

तेव्हा वहिनीने, धंद्यात पहिल्यांदाच, भर भाषणात सासूचं बटण बंद केलं. रंगमंचाच्या पायरीवर ती बसली, पेटी मांडीवर घेतली, आणि भाषण ऐकलं. आजवर तिने हजार भाषणांचा आवाज ऐकला असेल, भाषण एकही ऐकलं नव्हतं. शब्द काय आहेत तिकडे तिचं लक्षच नसायचं.

मास्तर सांगत होते, की माणूस पाण्यात पहिल्यांदा हातपाय सोडतो तेव्हा त्याच्या तोंडावर एक भाव येतो. आधी वाटतं, गेलो. मग कळतं, पाणी धरतंय आपल्याला. आणि मग तो मास्तरकडे बघतो. ते बघणं दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्यांचा आवाज आता खाली आला होता, तरी पोचत होता.

“मोटार ठेवायला जागा कुठेही मिळेल,” मास्तर म्हणाले. “भीती टाकून यायची जागा या शहरात एकच आहे. ज्यांना ज्यांना मी पाण्यात ढकललंय, त्यांनी हात वर करा.”

आधी दंतवैद्याचा हात वर गेला. मग बँकेतल्या बाईंचा. मग रांगाच्या रांगा. मोटारी विकणाऱ्या सदस्याच्या मागे त्याची बायको बसली होती, तिने दोन्ही हात वर केले. सदस्याने वळून पाहिलं. तिने हात खाली घेतले नाहीत. वर मंचावर अध्यक्षबाईंचा हात कानापर्यंत गेला, तिथे थबकला आणि चष्मा सारखा करून खाली आला. पण ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

फैसला झाला. वाहनतळाचा प्रस्ताव ‘अधिक विचारासाठी’ मागे ठेवला आणि तलावाच्या भेगा आधी बुजवायचं ठरलं. अधिक विचार म्हणजे काय, असं मास्तरांनी अध्यक्षबाईंना भाबडेपणाने विचारलं. त्यांनी हळूच सांगितलं, की म्हणजे आता त्याचा कुणी कधी विचार करणार नाही.

लोकांचा गराडा पडायच्या आधी मास्तर पायरीपाशी आले. वहिनी वायर गुंडाळत होती. त्यांनी थोरली सून आणि जावई तिच्या हातात दिले. हनुवटी पुन्हा कॉलरीकडे निघाली होती.

“आवाज बरोबर येत होता ना?” त्यांनी विचारलं.

झाल्या प्रकारातलं या माणसाच्या गावीही काही नव्हतं. किंकाळी नाही, उलटणारी चित्रं नाहीत, खालून शिंगं घेऊन धावणारी बायको नाही. काठावर उभं राहिलं की त्यांना फक्त पाण्यातली माणसं दिसायची. वहिनीच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं होतं, पण ते तिथेच राहिलं.

“असं घरी का नाही हो बोलत?” ती म्हणाली.

मास्तरांनी विचार केला. त्यांना प्रश्न नवा होता.

“घरात कोण बुडतंय?” ते म्हणाले.

एवढ्यात माणसं आलीच. कुणी मास्तरांचा हात धरला, कुणी पाठ थोपटली, दंतवैद्य आपल्या शिडीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागला. मास्तर त्या गर्दीबरोबर ढकलत ढकलत बाहेर पायऱ्यांवर गेले. वहिनीने सुना पुसल्या, सासूची शिंगं मिटली, मामंजींची धुसफूस थांबेपर्यंत वाट पाहिली. पांढरी पट्टी जमिनीवरून सोलून काढली. कुणी कधी उभंच न राहिल्यासारखी ती कोरी होती. सगळं बाबागाडीत भरून झाल्यावर तिने गाडी वॉचमनच्या खोलीत लोटली आणि म्हणाली, राहू दे इथे, मग नेते. वॉचमनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्या गाडीला आजवर कुणी बोट लावलेलं वहिनीला खपत नसे.

ती मोकळ्या हातांनी पायऱ्या उतरली. वन्सं खालच्या पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, घरी निघालीस का. वहिनी पुढे गेली. रस्त्यावर येऊन ती क्षणभर थांबली. घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली. उजवीकडे ना दुकान होतं, ना नातलगाचं घर. रस्ता सरळ जाऊन तलावाच्या जाळीच्या कुंपणापाशी संपत होता.

दुपार होत आली होती, तलावाला कुलूप होतं, आणि किल्ली मास्तरांच्या खिशात होती. हे तिला ठाऊक होतं, तरी ती चालत राहिली, पदर खोचून, नेहमीच्या भराभर चालीने, मान जराशी पुढे काढून. वॉचमन दारात येऊन बघत राहिला. वन्सं गुडघे चोळायच्या थांबल्या. आणि गर्दीच्या मधोमध, अर्धं वाक्य तोंडात तसंच ठेवून, मास्तर बघत होते. हाक मारली असती तर ती रस्त्याच्या टोकापर्यंत सहज पोचली असती. त्यांनी मारली नाही. खिशातली किल्ली हातात धरून, पहिल्यांदा शिडी सोडणाऱ्याकडे काठावरून बघावं तसे, ते वहिनी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.